मैदानाच्या कडेच्या पोरी आणि त्यांचे गुडघे

भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल, आजची गोष्ट थोडी लांबची आहे. ती सुरू मात्र आमच्या गटाच्या बैठकीत झाली, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक कबड्डी खेळते. अकरावीला आहे. गेल्या वर्षी चढाई करून मागे फिरताना तिचा पाय जागच्या जागी राहिला आणि अंग तेवढं वळलं. गुडघ्यात ‘खट्’ असा आवाज झाला, तो शेजारच्या पोरींनीही ऐकला. तासाभरात गुडघा भोपळ्याएवढा सुजला. एका दवाखान्यात दाखवलं तर मुरगळलाय म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. सूज उतरली, पोरगी चालायला लागली. पण जिना उतरताना, बांधावरून उडी मारताना गुडघा मध्येच सटकायचा. शेवटी जिल्ह्याच्या गावी जाऊन फोटो काढला. साधा एक्स-रे नव्हे, मोठ्या मशिनीतला, एमआरआय. तेव्हा कळलं की गुडघ्याच्या आतली दोरी तुटली आहे.

त्या दोरीला डॉक्टर एसीएल म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवरून घसरू नये म्हणून गुडघ्याच्या पोटात दोन दोऱ्या फुलीसारख्या बांधलेल्या असतात. त्यातली ही पुढची. ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं.

आता खरं ते सांगायचं तर बैठक गरम झाली. एक जण म्हणाली, पोरगी चालतेय, पाणी भरतेय, मग एवढा पैसा कशाला? दुसरी म्हणाली, पुन्हा कबड्डीच खेळणार असेल तर पुन्हा तुटेल, मग कोण देणार? ताई काही बोलल्या नाहीत. पोरगी बाहेर ओट्यावर बसली होती, तिने सगळं ऐकलं. मग ती आत आली आणि मोबाईलवर आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतली एक मुलगी होती, चिअरलीडर. गुडघ्याचं हेच ऑपरेशन झालेलं, आणि आता पुन्हा हवेत कोलांट्या मारत होती.

आमच्यातल्या सगळ्यात थोर आजी चष्मा सारून बघत म्हणाल्या, “अगं, ही तर नाचणारी. हिचा गुडघा तुटायला ही काय रानात राबते का?”

सगळ्या हसल्या. पण प्रश्न काही वाईट नव्हता. नाचणारीचा गुडघा तुटतो कसा, आणि तुटल्यावर ती परत उडी मारते कशी? याचा माग काढता काढता आम्ही सव्वाशे वर्षं मागे गेलो.

चिअरलीडर म्हटलं की आपल्याला आयपीएल आठवतं. २००८ साली ते सामने सुरू झाले, तेव्हा चेंडू सीमेपार गेला की आखूड कपड्यातल्या गोऱ्या मुली झिरमिळ्यांचे गोंडे हलवत नाचायच्या. आपल्याकडे त्यावरून बराच गदारोळ झाला, पुढाऱ्यांनी भाषणं केली. घरात टीव्हीसमोर सासरे बसले असतील तर आम्हीही मान खाली घालायचो. आमच्या डोक्यात चिअरलीडर म्हणजे एवढंच होतं.

पण पहिला चिअरलीडर पुरुष होता. अमेरिकेत उत्तरेला मिनेसोटा नावाचं राज्य आहे, तिथल्या विद्यापीठाचा संघ १८९८ साली फुटबॉलमध्ये एकामागून एक सामने हरत होता. त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात चेंडू घेऊन धावायचा. प्रेक्षक गप्प बसतात म्हणून संघ खचतो, असं तिथल्या पोरांना वाटलं. २ नोव्हेंबर १८९८ रोजी जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांतून उठून मैदानाच्या कडेला आला आणि सगळ्यांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेऊ लागला. आपल्याकडे दिंडीत एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे मागे, तसंच. त्या दिवशी संघ जिंकला, आणि चिअरलीडर ही जागाच तयार झाली.

पुढची पंचवीस वर्षं हे काम पोरांचं होतं आणि मानाचं होतं. हजारो लोकांना ताब्यात ठेवतो तो पुढे पुढारी होणार, असं मानत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर, रेगन आणि धाकटे बुश हे तिघेही शिकताना चिअरलीडर होते. मुलींना त्याच मिनेसोटात १९२३ साली संधी मिळाली. तेव्हा शंका निघाल्या त्या ऐकून आपल्याला नवल वाटणार नाही. मोठ्याने ओरडून मुली पुरुषी होतील, असं लोक म्हणत आणि लिहीत. मग दुसरं महायुद्ध आलं, पोरं लढाईवर गेली आणि मैदानाची कड मुलींनी सांभाळली. पोरं परतली तोवर काम मुलींचं झालं होतं. मुलींचं झालं तसा त्याचा मानही उतरला. जे काल पुढारीपण होतं ते आज शोभा झालं. असं का होतं हे आमच्या आजींना विचारा, त्या अर्धा तास बोलतील.

युद्धानंतर लॉरेन्स हर्किमर नावाच्या माणसाने या कामाचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९४८ साली टेक्सास राज्यात त्याने पहिलं शिबिर भरवलं, त्यात ५२ मुली आणि एक मुलगा होता. त्याच वर्षी त्याने चिअरलीडरांची राष्ट्रीय संघटना काढली. त्याच्या नावाने एक उडीही आहे, हर्की. एक पाय बाजूला सरळ ताणलेला, दुसरा गुडघ्यात दुमडलेला. आणि ते रंगीत झिरमिळ्यांचे गोंडे? त्याचं पेटंटही १९७१ साली यानेच घेतलं. माणूस हुशार होता, शिबिरंही विकली आणि गोंडेही.

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला, त्याला तिथे ‘टायटल नाईन’ म्हणतात. ज्या शाळा-कॉलेजला सरकारी पैसा मिळतो तिथे मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, असा तो कायदा. खेळाचं नाव त्यात ठळकपणे नव्हतं, पण सगळ्यात मोठा बदल खेळात झाला. कायद्याआधी तिथल्या शाळांमधून तीन लाखांहूनही कमी मुली खेळत होत्या. सहा वर्षांत तो आकडा वीस लाखांच्या वर गेला.

आता मुलींना स्वतः मैदानात उतरता येत होतं. मग कडेला उभं राहून दुसऱ्यासाठी कोण ओरडणार? चिअरलीडिंग तेव्हाच संपायचं. पण त्या मुलींनी ते संपू दिलं नाही, त्यांनी ते अवघड केलं. कसरती, कोलांट्या, मनोरे त्यात आले. स्पर्धा टीव्हीवर दिसू लागल्या. मुलींचे असेही संघ निघाले जे कोणत्याच फुटबॉल संघासाठी ओरडत नव्हते. ते स्वतःच जिंकायला येत होते.

यात कामं वाटलेली असतात. खाली उभ्या राहणाऱ्या मुलींवर सगळा भार असतो. वर उडते ती हलकी, तिला फ्लायर म्हणतात. मागे एक जण तिची मान आणि डोकं सांभाळायला असते. खालच्या चौघी मिळून तिला वीस-वीस फूट उंच फेकतात, ती हवेत गिरक्या घेते आणि मग तिला हातांवर झेलतात. दहीहंडीचे थर पाहिलेल्यांना यातलं पुष्कळसं कळेल. मुंबईत बायकांची गोविंदा पथकंही आहेत. आपल्याकडे २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची वीस फुटांवर आणली आणि अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली, नंतर २०१७ साली उंचीची अट काढून वयाची अट चौदावर आणली. खेळ की सण, हा वाद आपल्याकडेही झालाच.

फरक एवढाच की दहीहंडी वर्षातून एकदा येते. या मुली आठवड्यातून चार-पाच दिवस सराव करतात. फळीसारख्या कडक जमिनीवर शेकडो वेळा कोलांटी मारायची आणि शेकडो वेळा पायांवर उतरायचं. गुडघा तुटतो तो बहुधा असा उतरताना. अंग अजून फिरतंय आणि पाय टेकला, की आपल्या कबड्डीवाल्या पोरीसारखंच, पाय इथे आणि अंग तिकडे.

१९८० साली अमेरिकेच्या दवाखान्यांच्या तातडीच्या विभागात चिअरलीडिंगमुळे सुमारे पाच हजार जणी पोचल्या होत्या. २००७ साली ही संख्या सव्वीस हजारांच्या वर होती. मुलींची संख्याही वाढली होती हे खरं, पण कसरतीही वाढल्या होत्या. बहुतेक इजा मुरगळण्या-लचकण्याच्या. पण मान, मणका, डोकं यांच्या अतिशय गंभीर इजांचा हिशेब १९८२पासून वेगळा ठेवला जातो. त्यात शाळा-कॉलेजच्या खेळाडू मुलींच्या अशा इजांपैकी साधारण दोन तृतीयांश एकट्या चिअरलीडिंगमध्ये झाल्या होत्या.

आता खरी गोम ऐका. एवढ्या इजा होऊनही अनेक राज्यांत आणि कॉलेजांत तो खेळ मानला जात नव्हता. ‘उपक्रम’ मानत. स्नेहसंमेलनातल्या नाचासारखा. खेळ मानला की त्याला शिकलेला प्रशिक्षक लागतो, खाली मॅट लागते, मैदानावर उपचार करणारा माणूस लागतो, सरावाच्या तासांना मर्यादा लागते. उपक्रमाला यातलं काहीच लागत नाही. फुटबॉल खेळणाऱ्या पोराचा गुडघा तुटला की त्याच्याभोवती चार माणसं धावत. त्याच्यासाठी ओरडणाऱ्या पोरीचा तुटला तर तिला तिची आई गाडीत घालून नेई. रानात दिवसभर खुरपून आलेल्या बाईला ‘तुम्ही काय करता’ विचारलं की घरचेच उत्तर देतात, ‘काही नाही, घरीच असते’, ते आम्हाला इथे आठवलं.

हा प्रश्न २००९ साली कोर्टात गेला, पण उलट्या दारातून. कनेटिकट राज्यातल्या क्विनिपियाक विद्यापीठाने पैसे वाचवायला मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचं ठरवलं आणि सांगितलं, त्याऐवजी आम्ही चिअरलीडिंगचा संघ मोजतो, मुलींची संख्या भरते. व्हॉलीबॉलच्या मुली कोर्टात गेल्या. न्यायाधीशांनी निकाल दिला की चिअरलीडिंग अजून नीट बांधलेला खेळ नाही, त्याला सारखे नियम नाहीत, ठरलेला हंगाम नाही, म्हणून त्या कायद्याखाली तो खेळ म्हणून मोजता येणार नाही. वरच्या कोर्टानेही २०१२ साली तेच कायम ठेवलं. व्हॉलीबॉलच्या मुलींना न्याय मिळाला, तो योग्यच होता. एका मुलीचं ताट दुसरीपुढे सरकवून संख्या भरायची नसते. पण चिअरलीडर मुली मात्र होत्या तिथेच राहिल्या.

त्यांच्या बाजूने बोलले ते डॉक्टर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली स्पष्ट लिहिलं की याला खेळ म्हणा, म्हणजे या मुलींना संरक्षण मिळेल. दोन वर्षांनी तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनेही तेच म्हटलं. पुढे २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चिअरलीडिंगच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. पहिल्या घोषणेपासून धरलं तर १२३ वर्षं लागली.

हे झालं मुलींचं. आता गुडघ्याचं सांगतो, कारण त्याचाही इतिहास आहे, आणि तो आम्हाला जास्त आवडला.

तुटलेली दोरी शिवण्याचं जे जुनं ऑपरेशन आम्हाला सापडलं, ते राजाचं किंवा खेळाडूचं नव्हतं. ते एका खाणकामगाराचं होतं. इंग्लंडात लीड्स नावाच्या शहरात १८९५ साली मेयो रॉबसन या सर्जनने ४१ वर्षांच्या कामगाराच्या गुडघ्यातल्या दोन्ही दोऱ्या टाके घालून जोडल्या. सहा वर्षांनी तपासलं तेव्हा तो माणूस पुन्हा कामावर होता. म्हणजे ‘परत कामावर जाता येईल का?’ हाच प्रश्न तेव्हाही होता. पण अशी शिवलेली दोरी बहुतेकांची टिकत नसे. १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, इंग्लंडातल्याच हे ग्रोव्ह्ज या सर्जनने वेगळी वाट काढली. तुटलेली दोरी शिवायची नाही, हाडातून भोकं पाडून मांडीच्या बाजूची चिवट पट्टी त्यातून ओवायची आणि नवी दोरीच करायची. आज जे करतात त्याचं मूळ यात आहे. आता पट्टी बहुधा मांडीच्या मागच्या शिरेतून किंवा गुडघ्याच्या वाटीखालून घेतात, एवढाच बदल.

पण त्यासाठी गुडघा उघडावा लागे. मोठी चीर, मग प्लॅस्टर, मग आखडलेला पाय. यातून वाट दाखवली ती जपानने, आणि त्याचं कारण ऐकून आम्ही चकित झालो. जपानी लोक आपल्यासारखेच जमिनीवर बसणारे. तिथे गुडघ्याच्या क्षयाने अनेकांचे पाय आखडत आणि त्यांना खाली बसताच येत नसे. खुर्चीवर बसणाऱ्या देशात ते चाललं असतं, जपानात तो माणूस पंगतीतून उठला. म्हणून रोग लवकर दिसावा यासाठी तोक्योच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृत माणसाच्या गुडघ्यात घालून पाहिली. गुडघा न फाडता आत डोकावता येतं, हे त्यांना दिसलं. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ती दुर्बीण सुधारत सुधारत नेली. १९६२ साली त्यांनी बास्केटबॉल खेळणाऱ्या १७ वर्षांच्या तरुणाच्या गुडघ्यातली फाटलेली गादी दुर्बिणीतून काढली. तो सहा आठवड्यांत पुन्हा खेळायला लागला. कॅनडाचे एक डॉक्टर, रॉबर्ट जॅक्सन, तोक्यो ऑलिंपिकच्या वेळी वातानाबेंकडे शिकायला राहिले आणि बदल्यात त्यांना इंग्रजी शिकवलं. अशी ती विद्या जगभर गेली. १९८० साली इंग्लंडात दुर्बिणीतून नवी दोरी बसवली गेली. आज आपल्या जिल्ह्याच्या गावीही ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात ते हेच.

ऑपरेशननंतर काय करायचं, ही गोष्ट तर आणखी मजेची. पूर्वी पाय सहा-सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवत. मांडी सुकून काठीसारखी होई. १९८०च्या दशकात अमेरिकेत डोनाल्ड शेलबर्न नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं की काही रुग्ण सांगितलेलं ऐकत नाहीत. लवकर पाय टेकतात, लवकर हलवतात. आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांचेच गुडघे लवकर सरळ होतात, मांडीही भरते! दुसरा असता तर त्यांना रागावला असता. यांनी रुग्णांकडून शिकून पद्धतच बदलली आणि १९९० साली ती छापली. तेव्हापासून ऑपरेशननंतर लवकर पाय सरळ करायला आणि टेकायला लावतात. (यावरून कोणी डॉक्टरांचं ऐकणं सोडू नका. आमच्यातल्या दोघी-तिघींनी लगेच तसा अर्थ काढला होता.)

आणि मुलींचेच गुडघे का? कायद्यामुळे मुली खेळायला लागल्या, तसं हे दिसू लागलं. १९९५ साली अमेरिकेतल्या कॉलेजांचा हिशेब छापून आला. एकच खेळ, सारखे नियम, तरी मुलींमध्ये ही दोरी तुटण्याचं प्रमाण सॉकरमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त, बास्केटबॉलमध्ये चौपटीहून जास्त. मग तर्क सुरू झाले. कोणी म्हणालं कंबर रुंद, कोणी म्हणालं पाळीच्या दिवसांतले बदल. त्यावर अजूनही वाद आहेत. आम्हाला पटलं ते १९९९ सालचं काम. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात टिमोथी ह्युएट आणि त्यांच्या सोबत्यांनी काही मुलींना सहा आठवडे उडी मारून उतरायला शिकवलं. गुडघे आत झुकू द्यायचे नाहीत, पाय ताठ ठेवून आदळायचं नाही, गुडघे वाकवून मऊ उतरायचं. त्या मुलींमध्ये गंभीर इजा न शिकलेल्या मुलींपेक्षा पुष्कळ कमी झाल्या. म्हणजे बाईचं अंगच तसलं, असं म्हणून सोडून द्यायची गोष्ट ती नव्हती. मुलांना लहानपणापासून झाडावरून, भिंतीवरून उड्या मारायला मिळतात. मुलीला ‘नीट बस’ म्हणतो आणि सोळाव्या वर्षी एकदम मैदानात उतरवतो. हे आमचं मत, छापलेलं नाही.

आता बैठकीतल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. ऑपरेशन हवंच का? जी म्हणाली ‘चालतेय ना’, ती अगदीच चुकीची नव्हती. स्वीडनमध्ये १२१ तरुण माणसांवर अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी फक्त व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन करायचं ठरवलं, त्यांतल्या दर दहांपैकी सहा जणांना पहिल्या दोन वर्षांत ऑपरेशन लागलं नाही. सरळ चालणं, घरकाम, रोजची कामं यासाठी चांगला व्यायाम अनेकांना पुरतो. पण ज्याचा गुडघा व्यायामानंतरही सटकतो, किंवा ज्याला पुन्हा गर्रकन फिरायचं आहे, उडी मारायची आहे, त्याचा हिशेब वेगळा होतो. आमच्या पोरीचा गुडघा बांधावरही सटकत होता.

दुसरा प्रश्न होता, पुन्हा तुटला तर? याचं उत्तर कडू आहे. ऑपरेशन करून पुन्हा खेळात उतरलेल्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंमध्ये साधारण चारातल्या एकाचा गुडघा पुन्हा तुटतो. कधी तोच, कधी दुसऱ्या पायाचा. पण हा आकडा घाईने बराच वाढतो. नॉर्वेतल्या ओस्लो शहरात २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या आत परत उतरलेल्यांना पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जास्त, आणि नऊ महिन्यांपर्यंत जो जो महिना थांबाल त्या त्या महिन्याला धोका जवळजवळ निम्मा होत जातो. नवी दोरी ओवली म्हणजे ती लगेच दोरी होत नाही. शरीर आधी तिला मऊ करतं, मग हळूहळू नव्याने विणतं. बाहेरून जखम भरलेली, सूज नाही, दुखत नाही, आणि आत दोरी सगळ्यात कच्ची, असे काही महिने असतात. पोरी फसतात त्या तिथेच.

म्हणून चिअरलीडर परत येते ती टप्प्याटप्प्याने येते. आधी जमिनीवर उभं राहून नुसते हात आणि घोषणा. मग चालणं, पळणं, दोन पायांवरची छोटी उडी, मग एका पायावरची. खालच्या मुलीचं काम वरवर सोपं वाटतं, पण तिला दुसरीचं वजन घेऊन उठाबशा काढाव्या लागतात, म्हणून मांडीत आधी ताकद यावी लागते. कोलांट्या सगळ्यात शेवटी, त्याही आधी मऊ गादीवर. आणि तारीख बघून परवानगी द्यायची नाही, पाय बघून द्यायची. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के ताकदीला आणि उडीला आला पाहिजे, असं मोजतात.

एक गोष्ट मोजपट्टीने कळत नाही, ती म्हणजे भीती. जगभरातल्या हिशेबात ऑपरेशननंतर शंभरातले ऐंशीच्या आसपास लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परततात, पण पूर्वीच्याच पातळीला पासष्टच पोचतात. बाकीच्यांतल्या अनेकांचा गुडघा बरा झालेला असतो, पण पाय टेकवायचा धीर होत नाही. चिअरलीडरच्या बाबतीत हे आणखी अवघड. ती डगमगली तर फक्त ती पडत नाही, तिच्या हातांवर उभी असलेली मुलगी पडते. त्या मुलीनेही हिच्यावर पुन्हा भरवसा ठेवायला हवा.

आपल्या देशात याचं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्रिपुराची दीपा कर्माकर चिअरलीडर नव्हे, २०२४पर्यंत जिम्नॅस्ट होती, पण तिचं कामही तेच होतं, हवेत फिरून पायांवर उतरायचं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिचं पदक अगदी थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. पुढच्या वर्षी गुडघ्यातली हीच दोरी गेली आणि एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या मर्सिन शहरात तिने व्हॉल्टमध्ये सुवर्णपदक घेतलं. आम्ही बोटांवर मोजलं, पंधरा महिने. त्यानंतरही गुडघ्याने तिला पुन्हा त्रास दिला, हेही सांगायला हवं.

हे सगळं आम्ही गटाच्या दोन बैठकांत बोललो. कर्ज मंजूर झालं, एकमताने नव्हे. एक अट घातली गेली, ती पोरीच्या आईनेच सुचवली. नऊ महिने होईपर्यंत आणि फिजिओने पाय मोजून हो म्हणेपर्यंत पोरगी मैदानात उतरणार नाही, मग तालुक्याची स्पर्धा असो की जिल्ह्याची. पोरगी तेव्हा रडली.

आज तिला सात महिने झाले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ताई रोज पेनाने खूण करतात. फिजिओने शिकवलेला व्यायाम ती सकाळी पाण्याच्या आधी करते, कारण नंतर वेळ मिळत नाही. मांडीला बांधायच्या वजनाऐवजी त्यांनी वाळूची पिशवी शिवली आहे, तीही फिजिओला दाखवून. गेल्या रविवारी आम्ही सगळ्या अंगणात जमलो होतो. ताईंनी जमिनीवर टेप अंथरला. चांगल्या पायावर पोरीने १२० सेंटिमीटर उडी मारली. ऑपरेशनच्या पायावर ९५.

नव्वद टक्के म्हणजे किती, ते आजींनी विचारलं. १०८, पोरीनेच सांगितलं. तिने टेप गुंडाळला आणि आईला म्हणाली, पुढच्या महिन्यात परत मोजू.